आधी पाणी, मग टायगर

माणूस घरी आला की घरातल्या माणसांना विशेष काही होत नाही, हे एकदाचं मान्य केलेलं बरं. बायको स्वयंपाकघरातूनच विचारते, "अहो, दूध आणलं का?" आई जपाची माळ न थांबवता मान वर करते, आला तो आपलाच मुलगा आहे, वसुलीवाला नाही, एवढी खात्री करून घेते आणि पुन्हा डोळे मिटते. मुलगी सुट्टीत घरी असली तर "आलात का बाबा" म्हणते. त्यात प्रश्नही नसतो आणि आश्चर्यही नसतं. अशा घरात एक जीव मात्र असा असतो, की आपण शाळेतून नव्हे, काशीयात्रा करून धडधाकट परत आलोय असं समजून तो रोज संध्याकाळी अंगावर झेपावतो. छातीवर दोन पाय, हनुवटीखाली ओलं नाक आणि घशातून असा आवाज, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, या घरात कोणाचं तरी काहीतरी फार वाईट झालंय.

कौतुक वाटतं. नाही कसं वाटणार? पण तेलंगणातल्या आमच्या उटनूरची माती काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चपलेला धरते, मोटरसायकलच्या मडगार्डला धरते, बैलाच्या खुरांना धरते आणि आमच्या कुत्र्याच्या पायांवरून माझ्या शर्टावर येऊन बसते. पांढरा शर्ट घालून शाळेत जायची माझी जुनी सवय. खिशाच्या वर एक पंजा, खाली एक पंजा, असा शर्ट दोरीवर वाळत घातला की बायको म्हणते, "यावर आता निवडणूक लढवता येईल."

कुत्र्याचं नाव टायगर. गावठीच आहे, तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. नाव मुलीनं ठेवलं तेव्हा ते किती गैरसोयीचं ठरेल याचा विचार कोणी केला नाही. कव्वालचं जंगल इथून लांब नाही. २०१२ साली ते व्याघ्र प्रकल्प झालं आणि अलीकडं टिपेश्वरकडचे वाघ पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या रानात उतरतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. अशा मुलखात तिन्हीसांजेला बायकोनं ओट्यावरून "अहो, टायगर सुटला, फाटक लावा!" असं ओरडावं आणि शेजारी निजामाबादहून आलेल्या पाहुण्यांनी भरल्या ताटावरून उठावं, हे घडलेलं आहे. त्यातही विनोद असा, की २०२४ च्या हिवाळ्यात सोबतीण शोधत किनवटकडून आदिलाबाद-निर्मलच्या जंगलात शिरलेला एक खराखुरा वाघ वर्तमानपत्रांतून गाजला, त्याचं नाव होतं जॉनी. म्हणजे वाघाचं नाव जॉनी आणि कुत्र्याचं नाव टायगर. दोघांच्या कागदपत्रांची कुठंतरी अदलाबदल झाली असावी, असं माझं मत आहे.

कुत्रा दारात एवढा का उसळतो, याचं जाणकारांनी दिलेलं उत्तर मोठं घरगुती आहे. लांडग्याची पिल्लं शिकारीहून आलेल्या मोठ्यांचं तोंड चाटतात. चाटलं की मोठे पोटातलं थोडं बाहेर काढून पिल्लांना भरवतात. कुत्र्यानं रान सोडलं, पण ही आठवण सोडली नाही. आता मालकाचं तोंड साडेपाच फुटांवर आणि कुत्र्याचं दीड फुटावर, मग उडी मारण्याशिवाय त्या बिचाऱ्यानं करावं काय? म्हणजे टायगर रोज माझ्या शर्टाला जे करतो ते प्रेम आहेच, पण "काय आणलंस?" हेही त्यात आहे. बायकोच्या दुधाच्या चौकशीपेक्षा ते फारसं वेगळं नाही, हे लक्षात आल्यावर मला जरा बरं वाटलं.

स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधिकांनी २०११ साली यावर एक अभ्यास छापला. घरी एकट्या राहिलेल्या कुत्र्यांचं स्वागत त्यांनी पाहिलं: मालक अर्ध्या तासानं आला तर कसं, दोन तासांनी आला तर कसं, चार तासांनी आला तर कसं. अर्ध्या तासाचं स्वागत बेताचं होतं. दोन तासांचं जोरात झालं. मात्र चार तासांचं स्वागत दोन तासांच्या पुढं फारसं गेलं नाही. मला हे अगदी पटलं. आठवडी बाजारात वांग्याचा भाव करून येणारी माझी बायको आणि आदिलाबादच्या कचेरीत दिवसभर बाकावर बसून येणारा मी, दोघांनाही टायगर सारख्याच मापानं मोजतो. जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या लोकांनी २०२२ मध्ये आणखी पुढची गोष्ट सांगितली: काही तासांनी मालक भेटला की कुत्र्याच्या डोळ्यांतलं पाणी वाढतं, ओळखीच्या दुसऱ्या माणसाला भेटून तेवढं वाढत नाही. हे मी घरात वाचून दाखवलं. आई म्हणाली, "तुया डोळ्यात आलं होतं काय कधी, मी माहूरहून आली तवा?" विज्ञानाचं वाचन मी तिथंच थांबवलं.

टायगरला शिकवायचं ठरलं ते शर्टासाठी नव्हे, आईसाठी. ती काठी टेकत देवळातून येते आणि हा तिच्यावर त्याच उत्साहानं धावतो. वय झालेल्या हाडांना प्रेमाचा धक्काही धक्काच. निर्णय जाहीर झाल्याबरोबर सल्ले सुरू झाले. "एक काठी ठेवून द्या", "उडी मारली की गुडघा छातीत घाला", "मागच्या पायावर पाय द्या, जन्मात उडणार नाही." या उपायांनी कुत्रा गप्प होतो, यात शंका नाही. पण तो गप्पपणा मी चांगला ओळखतो. मी मराठी शाळेत मास्तर. हेडमास्तर वर्गात शिरले की एका क्षणात सामसूम व्हायची, ते दिवस मी विद्यार्थी म्हणूनही पाहिलेत. तपासायला आलेले साहेब त्याला शिस्त म्हणायचे. मागच्या बाकावरच्या मुलाचे पाय बाकाखाली थरथरत असायचे, ते साहेबांना दिसायचे नाहीत. मुलं शांत नसायची, दबलेली असायची. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं शाळेतला मार बंद केला. टायगरला तो कायदा लागू नाही, पण मला आहे, आणि शाळेत एक हात आणि घरी दुसरा असं मला जमायचं नाही. मी दारात आलो की पोट जमिनीला घासत, कान पाडून कोपऱ्यात सरकणारा कुत्रा मला नको होता. तसे कुत्रे गावात पुष्कळ आहेत. त्यांच्या मालकांना ते फार आज्ञाधारक वाटतात.

मुलगी हैदराबादला शिकते. तिनं फोनवर सगळी पद्धत सांगितली. सांगताना तिचा आवाज तिच्या लहानपणी मी पाढे घेताना जसा व्हायचा तसा झाला होता. "बाबा, दारात आलात की त्याच्याकडं बघायचं नाही. बोलायचं नाही. हात लावायचा नाही. ढकलायचंसुद्धा नाही, कारण ढकलणं म्हणजे त्याला खेळ वाटतो. ओरडायचं नाही, कारण तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं तुम्हीपण भुंकताय. चारही पाय जमिनीवर टेकले, की मग हळूच हात खाली न्यायचा, हळू आवाजात बोलायचं. पुन्हा उडाला, की पुन्हा पाठ." मी विचारलं, "आणि तोवर मी काय करायचं?" ती म्हणाली, "काहीच नाही. तेच तर शिकायचंय." हे ती मला म्हणाली की कुत्र्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

काहीच न करणं हे दारात उभं राहून करून पाहावं. मोटरसायकल लावली, फाटक उघडलं, टायगर आला. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, ते वाचू लागलो. पाठीवर दोन पंजे. मी संकष्टीच्या तारखा पाहिल्या. दंडाला नाक. मी एकादशा पाहिल्या. तोवर तो माझ्या पुढं येऊन, भिंत आणि मी यांच्या मधल्या वीतभर जागेत शिरून उलटा उभा राहिला आणि माझ्या बेंबीला ढुशी मारू लागला. रस्त्यावरून समोरच्या घरातली अम्मा चालली होती. थांबून तिनं पाहिलं. मास्तर स्वतःच्याच ओट्यावर, भिंतीकडं तोंड करून, डबा हातात घेऊन उभे; आत बायको आहे, पण बोलत नाही. कारण बायकोलाही सूचना होती, की मी आत येईपर्यंत बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मला फार मायेनं विचारण्यात आलं, "सब ठीक है ना, सर? घर में?"

आणि दुर्लक्ष केलेलं वागणं सुटायच्या आधी वाढतं, हेही कोणी आधी सांगत नाही. वर्गात जो मुलगा सारखा "गुरुजी मी, गुरुजी मी" करतो, त्याच्याकडं दुर्लक्ष केलं की तो गप्प बसत नाही. आधी बाकावर चढतो. तिथं मास्तरचा धीर सुटला आणि "बरं बाबा, सांग तू" म्हटलं, की मुलगा आयुष्यभरासाठी एक गोष्ट शिकतो: उत्तर यावं लागत नाही, बाकावर चढावं लागतं. टायगरनं भुंकून पाहिलं, माझा पायमोजा ओढून पाहिला, शेवटी डबा पळवून पाहिला. या दिवसांत टिकून राहणं एवढंच काय ते शिकवणं. बाकी सगळं तो स्वतःच शिकतो.

मी टिकलो असतो. पण घर एकट्याचं नसतं. आई माळ ओढता ओढता पदराखालून भाकरीचा तुकडा सोडत होती, हे मला फार उशिरा कळलं. तेही रोज नाही. मनात आलं तर. आता स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं कबुतरं-उंदरांवर प्रयोग करून दाखवलंय, की दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं तर प्राणी लवकर नाद सोडतो. पण कधी मिळणारं, कधी न मिळणारं बक्षीस असलं, तर तो नाद सुटता सुटत नाही. लॉटरीचा सगळा धंदा यावरच उभा आहे. मी आईला स्किनर समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "लेकराच्या तोंडात घास पडला त काय बिघडलं? तुये ते सायब कबुतराले उपाशी ठेवत असतील."

यात भाषेचा घोळ वेगळाच. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातलं किनवट तिकडं, महाराष्ट्राच्या बाजूला गेलं, राजुरा तिकडं गेला, आम्ही इकडं राहिलो. त्यामुळं आमच्या घरात मराठी, दारात तेलुगू, दुकानात दखनी, बाजारात गोंडी आणि लमाणी. माणसाला याचा त्रास होत नाही, उलट मिजास वाटते. पण कुत्र्याला? आई त्याला "खाली बस रे माया राजा" असं पूर्ण वाक्य सांगायची. बायको टीव्हीत ऐकलेलं "सिट" म्हणायची. समोरची अम्मा "कूर्चो" म्हणायची, पेपरवाला पोरगा "बैठ" म्हणायचा, आणि टायगर प्रत्येकाकडं एकदा पाहून जो सगळ्यात मोठ्यानं बोलेल त्याच्या अंगावर जायचा. मुलगी म्हणाली, "बाबा, शब्द सोडा. हात दाखवा. कुत्र्यांना बोलण्यापेक्षा हातवारे लवकर कळतात." मग ठरलं: तळहात जमिनीकडं, हळूच खाली. बोलायचं काही नाही. अम्मालाही शिकवलं, पेपरवाल्यालाही. राज्य पुनर्रचना आयोगाला जे जमलं नाही, ते एका तळहातानं केलं, असं मी कोणाकडं बोललो नाही, पण मनात आलं खरं.

तरी अडत होतंच. ते सुटलं एका पाहुण्यामुळं.

शाळेच्या गावचे एक गोंड पटेल कधीमधी बाजाराच्या दिवशी घरी येतात. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी, खांद्यावर पिशवी. ते आले तेव्हा फाटक उघडंच होतं आणि टायगर मोकळा होता. माझा जीव खालीवर झाला. पटेलांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. न पाहण्याचं नाटक केलं असं नव्हे. त्यांना खरोखरच पाहायचं नव्हतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "राम राम, मास्तर" म्हणाले. वहाणा काढल्या, एकाशेजारी एक लावल्या. बादलीतलं पाणी घेऊन पायांवर ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. ओट्यावर बसले, बायकोनं दिलेला तांब्या वरूनच प्याले आणि मगच पावसाची गोष्ट काढली. एवढ्या वेळात टायगरनं एक उडी मारली होती. तीही अर्धी, कारण समोरून काहीच उत्तर आलं नाही. मग तो त्यांच्या वहाणा हुंगून आला आणि त्यांच्या पायाशी आडवा झाला. त्यांचा हात कधीतरी, बोलता बोलता, त्याच्या मानेवर गेला. मी म्हटलं, "पटेल, हा तुमच्यावर उडला कसा नाही?" ते म्हणाले, "मी त तुमाले भेटाले आलो ना, मास्तर. त्याची भेट मंग."

आई आतून ऐकत होती. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "हेच त मी सांगून राह्यली." तिनं असं काहीही सांगितलेलं नव्हतं, पण आता सांगू लागली. तिच्या सासरी नियम होता. शेतातून, बाजारातून, गावाहून कोणी आलं की पहिल्यांदा पाय धुवायला पाणी. मग प्यायला पाणी, सोबत गुळाचा खडा. तोंड ओलं झाल्याशिवाय घरातल्यानं एक शब्द काढायचा नाही. बैल आजारी असो, सावकार येऊन गेलेला असो, पोरगं पडलेलं असो. "बाहेरून आलेल्या माणसाचं अंग घरी येते, मन मागून येते," असं तिची सासू म्हणायची म्हणे. यावर बायकोनं भाजी चिरता चिरता विचारलं, "आणि शेतातून बाई आली की, सासूबाई? तिला कोण द्यायचं पाणी?" आई जरा थांबली. "बाईनं सोताच घ्याचं," ती म्हणाली. पुढं बराच वेळ फक्त विळीचा आवाज येत होता. त्या दिवसापासून बायको बाहेरून आली की पाण्याचा तांब्या मी देतो. या लेखाचा विषय कुत्रा आहे, म्हणून ते फार वाढवत नाही.

पण मुलीनं फोनवर सांगितलेलं आणि आईच्या सासूनं सांगितलेलं एकच होतं, हे मला तेव्हा दिसलं. मी दारात "काहीच न करायला" उभा राहत होतो आणि काहीच न करणं कुठल्याच जिवंत माणसाला जमत नाही. निदान कॅलेंडर तरी वाचावं लागतं. पटेल काहीच करत नव्हते असं नाही. ते काठी टेकवत होते, पाय धुत होते, पाणी पीत होते. पूर्वीच्या लोकांनी आगमन आणि भेट यांच्या मध्ये ही कामं ठेवली होती ती उगाच नाही. दुर्लक्ष करायचं म्हणून केलं की ते समोरच्याला टोचतं. पाय धुताना सहज झालं की कोणाला काही वाटत नाही, कुत्र्यालाही नाही.

आमच्याकडं हे मोठ्या प्रमाणावरही पाहायला मिळतं. इथून जवळच केस्लापूर आहे. पौष अमावास्येला तिथं नागोबाची जत्रा भरते. मेश्राम घराण्याचे गोंड जन्नारमकडच्या गोदावरीच्या डोहातून पाणी आणायला पायी जातात आणि पायीच परत येतात, पांढऱ्या कपड्यांत, रांगेनं, कित्येक दिवस चालून. एवढं पवित्र पाणी घेऊन, एवढं चालून आल्यावर माणसानं सरळ देवळात घुसावं की नाही? ते घुसत नाहीत. केस्लापूरला वडाच्या झाडांखाली उतरतात. तिथं राहतात, चुली मांडतात, आणि वेळ झाली की मग देवाकडं जातात. घराण्यात नव्या आलेल्या सुनांची नागोबाशी ओळख करून देण्याचा विधीही त्याच जत्रेत होतो. त्याला भेटिंग म्हणतात. वडीलधाऱ्या बाया पुढं, नव्या सुना डोक्यावरून पदर घेऊन मागं, सावकाश. कुत्र्याच्या गोष्टीत देवाधर्माचं आणू नये हे मला कळतं. सांगायचं ते माणसांबद्दल: भेट ही उरकायची गोष्ट नाही, असं मानणारा हा मुलूख आहे आणि त्यात राहून मी फाटक उघडल्या उघडल्या कुत्र्याशी बोबडं बोलत होतो.

पुराणांत शोधलं तर शांत कुत्र्यांची उदाहरणं निघतात. आईचा आवडता दाखला तसबिरीतला. देव्हाऱ्याच्या वर दत्ताची माहूरहून आणलेली तसबीर आहे. त्यात चार कुत्रे पायाशी आहेत. "पाय, हे कसे बसले," असं ती टायगरला बोट दाखवून सांगते. टायगर बोट हुंगतो. माझा दाखला महाप्रस्थानाचा. धर्मराजाच्या मागं हिमालय चढलेल्या त्या कुत्र्यासमोर साक्षात इंद्र रथ घेऊन आला, तरी त्यानं इंद्राच्या पितांबरावर पंजे उमटवल्याचा उल्लेख कुठं नाही. पुढं तो कुत्रा स्वतः यमधर्म निघाला, त्यामुळं त्याच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवता येते. मला त्याहून जवळचा वाटतो तो ग्रीकांच्या महाकाव्यातला आर्गोस. ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, तोही भिकाऱ्याच्या वेषात, कारण घरात त्याच्या जिवावर टपलेले लोक बसलेत. दारात शेणाच्या ढिगावर पडलेला म्हातारा आर्गोस त्याला ओळखतो. शेपूट हलवतो, कान पाडतो, बस एवढंच. उठायची ताकद नसते. ओडिसियस त्याच्याकडं जात नाही. तोंड फिरवून डोळे पुसतो. तिथं त्या कुत्र्यानं टायगरसारखी आरोळी ठोकून मालकाच्या छातीवर झेप घेतली असती, तर सोंग उघडं पडून पुढची सगळी कथा दारातच संपली असती. मात्र हेही खरं, की असं शांत स्वागत मिळायला कुत्रा मरणाला टेकलेला असावा लागला. मला तेवढी वाट पाहायची नव्हती.

आता आमच्याकडं जे चालतं ते असं. दाराच्या आत, डाव्या हाताला, जुन्या गोणीचं एक बारदान अंथरलेलं आहे; ती टायगरची जागा. ती शिकवायला मी खऱ्या जाण्यायेण्याची वाट पाहिली नाही. सुट्टीच्या दिवशी फाटकाबाहेर जायचं आणि लगेच परत यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं. (समोरच्या अम्मानं यावरही विचार केला असणार.) मी आत येतो, चपला काढतो, पायांवर पाणी घेतो, पितो. तोवर तो बारदानावर. तोंडात एक जुनी दस्ती, म्हणजे हातरुमाल. ही युक्ती मुलीची: कुत्र्याला तोंडात धरायला काही दिलं की त्याला नीट भुंकता येत नाही आणि आपल्याकडं एक काम आहे असं वाटून तो जरा पोक्तही होतो. तो बसलेला असतो, पण अगदी स्थिर म्हणाल तर नाही. पुढचा अर्धा कुत्रा बसलेला, मागचा अर्धा अजून उडी मारतोय. शेपटीनं फरशीवरची धूळ डावीउजवीकडं सारली जाऊन तिथं पंख्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा तयार झालीय. बायको झाडताना ती जागा सोडून देते. पाणी पिऊन झालं की मी त्याच्याजवळ उकिडवा बसतो. मग दस्ती सुटते, नाक येतं, आणि आमची दोघांची भेट होते. ती पूर्वीपेक्षा कमी प्रेमाची आहे असं मला तरी वाटत नाही. शर्टाला तर नाहीच नाही.

चुकतं अजूनही. दिवाळीत गोंडांच्या दंडारी नाचाची मंडळी ढोल वाजवत गल्लीतून गेली, मोरपिसांचे मोठाले टोप घातलेले गुसाडी नर्तक दिसले, की टायगर बारदान, दस्ती आणि सगळं शिक्षण टाकून आईच्या खाटेखाली जातो. त्याला मी काही म्हणत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही आईच्या मागंच लपलो होतो.

तेव्हा उटनूरला कधी आलात तर घरी जरूर या, एवढीच विनंती. फाटक वाजवू नका, सरळ उघडा. कुत्रा दिसेल, त्याला टायगर, टायगर अशा हाका मारू नका, शेजारी घाबरतात. "अले अले, कोण आलं" तर मुळीच म्हणू नका. चपला काढा, बादलीत पाणी असेल ते पायांवर घ्या, ओट्यावर बसा. तांब्या मी आणतो. टायगर मागून येईल. आणि त्याच्यासाठी बिस्किटाचा पुडा आणला असेल, तर तो माझ्या हातात द्या, आईच्या नको.